रिकाम्या जागेसकट

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीचा संगणक उघडला
तर आत मीठ.
खरंच मीठ, उपमा नाही.
पंख्याच्या पात्यांवर, वायरींच्या टोकांवर,
बोर्डाच्या कडेला हिरवट पुटासारखं चढलेलं.
दोन मेलेली झुरळं आणि एक खवलं,
घोळीचं असावं.

दोरकुळकर क्लार्क शेजारी चष्मा पुसत उभे.
डिझेलचा कोटा, बर्फाची उधारी,
कुठल्या होडीवर कोण खलाशी, कोणाचा हप्ता तटला,
अठरा वर्षं सगळं ह्यात.
मी म्हटलं, नुसत्या फाईली नेते,
दहा मिनिटांचं काम, साडेसहाची दापोली गाडी मिळेल.

नेल्या.
नव्या मशीनवर सभासद यादी उघडली
तर सारंग नाही, पावशे नाही, चोगले नाही.
टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं,
चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं.
"नावं गेली?"
गेली नाहीत काका. फॉन्ट मागे राहिला.
नावं आहेत, वाचणारा नाही.

म्हणजे अख्खीच डिस्क उतरवायची.
पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत,
काय आहे ते न बघता.

दोन डिस्क टेबलावर, मध्ये वर्तमानपत्राची घडी.
डावीकडे भरलेली, उजवीकडे कोरी.
उलट लागल्या
तर कोरेपण भरलेल्यावर चढतं आणि मागे फिरता येत नाही.
तीनदा तपासलं.
चौथ्यांदा दोरकुळकरांना मोठ्याने वाचायला लावलं,
मगच एन्टर.

खाली वाळूवर लिलाव सुरू झाला.
बारा टक्के.
लिलाव संपला, बर्फाचा टेम्पो गेला.
एकोणतीस.
एकतीसला अडलं.
डिस्क आतून चुकचुकली, पुन्हा चुकचुकली, पालीसारखी,
आणि दोरकुळकर सवयीने म्हणाले, कृष्ण कृष्ण.
"तिथं काय असेल?"
सांगता येत नाही.
तेवढं सोडून पुढे जाते,
शेवटी पलीकडच्या बाजूने येऊन परत बघते.

घरून मुलीने डबा आणला. बांगड्याचं तिखलं, भाकरी.
कीबोर्डपासून लांब बसून जेवलो.
त्यांनी भाकरीचा तुकडा बराच वेळ नुसता धरून ठेवला.
"पुसलेलं पण येतं काय गो ह्यात?"

येतं.
पुसणं म्हणजे फक्त यादीतून नाव काढणं.
जागा तशीच असते.
वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत
ते तिथेच.

मग सांगितलं, माझ्याकडे न बघता, टक्क्यांकडे बघत.
दर्यादौलत. नोव्हेंबरातली रात्र.
कागदावर सात माणसं. होती आठ.
आठवा नेपाळचा, परवान्याशिवाय घेतलेला.
मालक म्हणाला, सातच दाखव.
"मी आधी टाईप केलेलं. पूर्ण नाव, गाव, बापाचं नाव.
मग पुसलं.
आता बीरे एवढंच आठवतं.
त्याला सगले बीरे म्हणायचे."

मी काही बोलले नाही.
साठ टक्के. वीज गेली, इन्व्हर्टरने धरलं.
एकाहत्तर.
बाहेर कोणीतरी जाळ्यातून खेकडे सोडवत
त्यांच्याच आयाबहिणींवरून शिव्या घालत होतं.

पहाटे शंभर झाले.
अडलेल्यातलं बरंचसं उलट्या बाजूने आलं.
चार केबी नाही आले.
जे वाचता येत नाही
तिथे प्रोग्रॅम शून्यं भरतो.
चार केबी म्हणजे दोनेक पानं मजकूर.
एक नाव, एक गाव, एक बाप
त्यात आरामात मावतात.
किंवा तिथे नुसती बर्फाची उधारी असेल.

"शोधू का? दिवस जातील," मी म्हटलं.
ते खिडकीशी. होड्या दिवे मालवत येत होत्या
आणि ते नेहमीसारखे मोजत होते, ओठ हलवत.
"शोध," म्हणाले.
"आणि तवर त्यावर कोणी काय लिवू नको."

जुनी डिस्क भंगारात टाकू दिली नाही.
प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शिक्क्यांच्या कपाटात ठेवली.
बिल मी बाराशेचं केलं,
तपशिलात लिहिलं, डिस्क नक्कल, एक नग.
त्यांनी माझं पेन मागून घेतलं
आणि पुढे आपल्या हाताने लिहिलं,
रिकाम्या जागेसकट.
मग शिक्का मारला.